वेटिंग दोन

नर्सिंग स्कूलच्या व्हरांड्यात
यादी डिंकाने चिकटवली होती, एक कोपरा सुटलेला,
वारा आला की शेवटची नावं हलायची.
अर्ज सहाशे चौदा. जागा वीस.
आमच्या रकान्यात पाच.
पाचव्या नावाखाली आडवी रेघ,
रेघेखाली वेटिंग एक, वेटिंग दोन.
दोन म्हणजे मी,
कुमरे दर्शना दसरू, त्रेसष्ट पूर्णांक सतरा.
एकचे मार्क माझ्याइतकेच, पण ती वयाने मोठी.

पाचवी हलामी गीतांजली, त्रेसष्ट पूर्णांक तेहतीस.
म्हणजे सहाशेत एक मार्क जास्त.
माझा तो मार्क कुठे गेला, मला माहीत आहे.
जीवशास्त्राच्या पेपरात मी हृदय काढलं,
चारही कप्पे, झडपा, सगळं,
नावं द्यायची राहिली आणि घंटा झाली.

बाबू म्हणाले, कागद तपासायची आज शेवटची तारीख,
पाचला खिडकी बंद.
कोणी गळलं तर खालचं नाव वर.
गळलं, हाच शब्द.
आम्ही वेटिंगवाल्या बाकावर बसून राहिलो,
पहाटे मोहाखाली टोपली घेऊन बसतात तशा.

दुपारी वेटिंग एकला फोन आला,
चंद्रपूरच्या यादीत तिचं नाव सरकलं होतं.
जाताना उरलेला चिवडा तिने मला दिला.

सव्वातीनला, झेरॉक्सच्या दुकानामागे,
हलामी गीतांजली.
फाइलवर नाव होतं, म्हणून ओळखलं.
जातवैधता आली नव्हती.
आजोबांच्या दाखल्यावर कोणी मास्तर
हलामीचं हलमी करून गेला होता,
त्या एका कान्यापायी चौदा महिने फाइल पडून.
भिंतीकडे तोंड करून ती फोनवर बोलत होती,
"नाही होत म्हन्ते, बाबा. येतो मी घरी."

मला ठाऊक होतं.
वैधता नसेल तर प्रस्तावाची पावती चालते,
सोबत हमीपत्र, तिसऱ्या टेबलावर फुकट मिळतं.
सकाळी बाबूंनी मलाच समजावून सांगितलं होतं.

मी चिवडा खाल्ला.
आधी शेंगदाणे निवडून, मग पोहे.
चार वाजून पाच.
उपकेंद्रातल्या सिस्टरची स्कूटी आठवली,
लसींच्या डब्यातला बर्फ,
आणि दारात उभं राहून
"ताप येईल रात्री, घाबरू नका" म्हणणारा तिचा आवाज.
तो आवाज मला हवा होता.
पगारही हवा होता, खोटं कशाला बोलू.
चार वाजून वीस.

मी चांगली आहे म्हणून सांगितलं, असं नाही.
तीच आली माझ्याकडे.
"ताई, पेन आहे का तुमच्याजवळ?
नाव मागं घेतो असं लिहून मागतात."

पेन दिला.
औषधाच्या कंपनीचा, निळा, आशाताईने दिलेला.
फाइल मांडीवर ठेवून ती लिहू लागली,
शुद्धलेखन असतं तसं, एकेक अक्षर सुटं,
"मी खाली सही करणार"
आणि माझ्याच तोंडून निघालं,
पावती आहे ना तुझ्याकडे?

पाचला तीन कमी असताना
खिडकीआतून शिक्क्याचा आवाज आला.
मी आरमोरीच्या बसमध्ये चढले.
खिडकीशी जागा मिळाली, त्याचाही राग आला.

"काहून वो, लागला का नंबर?" आईने विचारलं.
"नाही."
"कोनी गरलं नाही?"
"नाही."
ती काही बोलली नाही. उद्या रोवणीला दोघी जाऊ,
एवढंच म्हणाली, झोपताना.

रविवारी बांधीत गुडघाभर चिखलात होते.
कमरेला पिशवीत बांधलेला फोन वाजला.
नंबर कुठून मिळवला, तिलाच ठाऊक.
"ताई, तुमचा पेन माझ्याजवळच राहिला."
मागे पुष्कळ पोरींचा गलका, पंख्याची घरघर.
"राहू दे," मी म्हटलं, "तिथं लागंल."

आईने पेंडी पुढे केली.
"कोन होती?"
"ओळखीची आहे."